खिडकी नसलेली केबिन



जुलैचा दुसरा रविवार आपण खलाशांसाठी आणि समुद्रावर पोट असलेल्या सगळ्यांसाठी प्रार्थना करतो. बेळगावात समुद्र नाही, पण आमच्या धर्मग्रामात बोटीवर गेलेल्यांची घरं पुष्कळ. अशाच त्या रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना हे सांगत होते, तेवढ्यात चौथीतला एक मुलगा उभा राहिला. "टीचर, माझे पप्पा बोटीवर असतात. त्यांना रविवारची मिस्सा मिळत नाही. मग ते दर रविवारी पाप करतात का?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. मिस्सेला जाणं ज्याला शक्यच नाही, त्याच्यावर दोष येत नाही. उत्तर बरोबर होतं. तो खाली बसला, पण चेहऱ्यावरून कळत होतं की त्याला जे विचारायचं होतं ते हे नव्हतं.

पुढच्याच महिन्यात मी स्वतः तशा एका बोटीवर होते. फरक एवढाच, की मी पाहुणी होते.

हे कसं घडलं ते आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल टीचरना लॉटरी लागली. माझे धाकटे दीर व्हँकुव्हरजवळ असतात. आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली. विसाव्या वर्षी काहीच झालं नाही म्हणून दीर-जावेनं हट्टानं आम्हा दोघांची अलास्काची क्रूझ ठरवली. सात रात्री, व्हँकुव्हर ते व्हँकुव्हर. विमानाचे पैसे आमचे, बोटीचे त्यांचे. दोन देशांचे व्हिसा झाले. मुलीची आणि सासऱ्यांची जबाबदारी माझ्या बहिणीनं घेतली. मला पहिले चार दिवस आनंदापेक्षा संकोचच जास्त वाटत होता. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी पत्र्याचं छप्पर, आणि टीचर हिमनदी बघायला निघालेल्या.

पण संकोचाचं खरं कारण वेगळं होतं. ते घरातच होतं.

माझे सासरे, पपा, मूळचे सासष्टीचे. अठराव्या वर्षी मुंबईला धोबीतलावच्या कुडात येऊन राहिले आणि बोटीवर लागले. पँट्री-बॉय म्हणून चढले, चीफ स्टुअर्ड होऊन उतरले. मुलांच्या शाळेसाठी त्यांनी बेळगावात घर केलं, पण त्या घरात ते वर्षाला दोन-तीन महिनेच असायचे. 1985 साली सासूबाई काविळीनं गेल्या. माझे यजमान तेव्हा अकरा वर्षांचे. पपा पोचले ते सव्वा महिन्यानं. तोपर्यंत महिन्याची मिस्सासुद्धा होऊन गेली होती. या गोष्टीवर बापलेकांत कधी भांडण झालं नाही, कारण यावर ते कधी बोललेच नाहीत. यांनी पपांचं सगळं केलं: डोळ्यांचं ऑपरेशन, रोजच्या गोळ्या, रविवारी हाताला धरून चर्चला. फक्त गप्पा नाहीत.

त्यात आमच्या मोठ्यानं हॉटेल मॅनेजमेंट केलं आणि मार्चमध्ये त्याला बोटीवरच्या नोकरीचं पत्र आलं. जेवणाच्या टेबलावर त्यानं ते सगळ्यांना दाखवलं. यांनी ताटावरून मान न उचलता म्हटलं, "या घरात एक तारवटी झाला तेवढा पुरे." पपा समोरच बसले होते. त्यांनी हात धुतले आणि खोलीत गेले. तेव्हापासून घरात जपमाळ रोज होत होती, पण ज्या प्रार्थनेत आपण क्षमा मागतो आणि क्षमा देण्याचं कबूल करतो, तिथे यांचा आवाज खाली जायचा. मी शिकवते तेच, म्हणून माझं लक्ष तिथे जातं. दुसऱ्या कुणाचं गेलं नसेल.

तर अशा घरातून आम्ही निघालो.

व्हँकुव्हरच्या धक्क्यावरून बोट बुधवारी संध्याकाळी सुटली. दोन हजारांवर प्रवासी. आमची केबिन सगळ्यांत स्वस्त प्रकारातली होती, आतल्या बाजूची, खिडकी नसलेली. वरच्या डेकवर काचा, झुंबरं, पियानो. आणि आमच्या खोलीत दिवा घालवला की स्वतःचा हातसुद्धा दिसायचा नाही. मला ती गंमत वाटली. हे बराच वेळ अंधारात जागे होते. मग म्हणाले, "पपांची खोली अशीच असेल, नाही?" एकवीस वर्षांत त्यांनी पपांच्या बोटीबद्दल माझ्यापाशी विचारलेला हा पहिला प्रश्न. मला काय माहीत असणार? मी म्हटलं, "याहून खाली असेल."

व्हँकुव्हरहून उत्तरेला जाणारा हा मार्ग उघड्या समुद्रातून कमीच जातो. डाव्या हाताला बेटं, उजव्या हाताला मुख्य भूमी आणि मधून पाण्याची गल्ली. याला इनसाइड पॅसेज म्हणतात. बेटांवर पाण्यापर्यंत उतरलेली देवदाराच्या जातीची झाडं, त्यांत अडकलेलं धुकं, आणि तासन्‌तास एकही घर नाही. सीमोर नॅरोज नावाच्या अरुंद खिंडीतून जायला बोटी भरती-ओहोटीची वेळ साधतात. तिथे पाण्याखाली एक खडक होता, रिपल रॉक. त्यानं शंभरावर माणसांचे जीव घेतले. 1958 साली खालून बोगदा खणून तो सुरुंगानं उडवला. आम्ही तिथून गेलो तेव्हा पाणी तुळतुळीत होतं आणि शेजारच्या टेबलावर आइस्क्रीमची चर्चा चालली होती. स्तोत्र 107 मध्ये जहाजांतून महासागरावर कामधंद्याला जाणारे लोक येतात. परमेश्वराची कृत्यं त्यांना खोल पाण्यात दिसतात. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की स्तोत्रकर्ता काम करायला जाणाऱ्यांबद्दल बोलतो. बघायला जाणाऱ्यांबद्दल तो काही म्हणत नाही.

आमच्या केबिनचा स्टुअर्ड बाणावलीचा निघाला. यांच्या आडनावावरून त्यानं ओळखलं आणि दारातच कोंकणीत विचारलं, "तुमी खंयचीं?" तिशी-पस्तिशीतला असेल. दिवसातून दोन वेळा पंधरा-सोळा खोल्या आवरायचा. करार नऊ महिन्यांचा. मेमध्ये त्याच्या मुलीचा प्रथम ख्रिस्तप्रसाद झाला, तो त्यानं फोनवर बघितला. जीभ बाहेर काढली तिथपर्यंत दिसलं, मग चित्र अडकलं. हसत हसत सांगत होता. यांनी विचारलं, "आणि घरी कोणी गेलं तर?"

"पुढचा पोर्ट येईपर्यंत काही करता येत नाही, अंकल. बोट मधेच थांबत नाही."

त्या दिवसापासून हे सकाळी उठून स्वतःची चादर स्वतः घालायला लागले. तो मुलगा हवालदिल. शेवटी मला बाजूला घेऊन म्हणाला, "आंटी, अंकलना सांगा असं नको. सुपरवायझर बघेल तर म्हणेल मी काम करत नाही." घरी कधी न घातलेली चादर इथे घातली, तीही चुकीच्या ठिकाणी! मी ते यांना सांगितलं तेव्हा दोघंही खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी.

शुक्रवारी जूनो आलं. ही अलास्काची राजधानी, पण बाहेरच्या जगातून इथे रस्त्यानं येता येत नाही. विमान किंवा बोट. लोक व्हेल बघायला आणि मेंडेनहॉल हिमनदीकडे धावले. आम्ही टॅक्सी करून उत्तरेला सुमारे पस्तीस किलोमीटरवर छोट्या तेरेजाच्या तीर्थस्थानी गेलो. हा माझा हट्ट. संत तेरेजा ही अलास्काची आश्रयदाती. किनाऱ्यापासून जरा आत एक लहानसं बेट आहे, त्यावर जायला दगडांचा बांध घातलाय, आणि बेटावर झाडांमध्ये एक छोटं देऊळ, समुद्रकाठच्याच गोट्यांचं बांधलेलं. बाहेर धूपाचा नव्हे, ओल्या पालापाचोळ्याचा वास. चहूबाजूंनी पाणी.

मुलांना तेरेजाबद्दल शिकवताना मला नेहमी एक गोष्ट सांगायला आवडते. ही मुलगी पंधराव्या वर्षी लिझ्यूच्या मठात गेली आणि 1897 मध्ये चोवीस वर्षांची असताना तिथेच वारली. मिशनवर कधी गेली नाही. तरी 1927 मध्ये पोपमहाशयांनी तिला मिशनकार्याची आश्रयदाती ठरवलं. घरात राहून तिनं दूरच्यांचा भार उचलला. त्या दिवशी त्या देवळात बसून मला याची दुसरी बाजू दिसली. दूर गेलेला माणूससुद्धा घरचा भार उचलत असतो, आणि तो भार घरच्यांना दिसत नाही. मनीऑर्डर दिसते, चॉकलेटं दिसतात. मी यांना काही बोलले नाही. शिकवायची सवय वाईट असते. नवऱ्यावर तर ती चालतच नाही. हे मागच्या बाकावर बसले होते, कोट न काढता.

शनिवारचं स्कॅगवे मी थोडक्यात उरकते. सोन्याच्या शोधात 1898 च्या सुमारास इथे हजारो लोक उतरले, डोंगर चढून गेले, आणि बहुतेकांना काही मिळालं नाही. जुनी रेल्वे छान आहे. तिकीट महाग. आम्ही खालूनच बघितली.

रविवारी पहाटे बोट ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात शिरली. इथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटींना सोडतात. सकाळी एक लहान होडी बाजूला लागली आणि उद्यानाचे रेंजर शिडीनं वर चढले. त्यातल्या एक बाई दिवसभर माइकवर माहिती देत होत्या. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी वहीत लिहून घेतली.

1794 साली कॅप्टन व्हँकुव्हरच्या माणसांनी हा किनारा पाहिला तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. तोंडाशीच बर्फाची भिंत. 1879 मध्ये जॉन म्यूर आले तोपर्यंत बर्फ सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर मागे हटला होता. आज खाडीच्या टोकापर्यंत जायला सुमारे शंभर किलोमीटर आत जावं लागतं. त्याही आधी इथे हुना लिंगिट लोकांची गावं होती. बर्फ पुढे सरकत आला आणि त्यांना घरं सोडून जावं लागलं. बर्फ मागे गेला, पण पुढे उद्यानाचे कायदे आले. 2016 मध्ये बार्टलेट कोव्ह इथे त्यांचं सामायिक घर पुन्हा उभं राहिलं. अडीचशेच्या वर वर्षं झाली होती.

म्यूर यांच्याबरोबर होडीत एक मिशनरी होते, एस. हॉल यंग, प्रेस्बिटेरियन. होडी चालवणारे मात्र लिंगिट होते आणि त्यांचे प्रमुख तोयाटे, जे ख्रिस्ती झाले होते. ऑक्टोबरच्या थंडीत, पावसात, बर्फाच्या तुकड्यांमधून त्यांनी वल्ही मारली. पुढच्याच जानेवारीत दारूवरून पेटलेल्या दोन गटांच्या भांडणात, शांततेचा आग्रह धरणारे तोयाटे मारले गेले. म्यूर यांच्या लिखाणानं ही खाडी जगाला माहीत झाली, आणि आमच्यासारखे लोक इथे यायला लागले. मिशनऱ्यांचं सगळंच मला अभिमानानं सांगता येणार नाही. अलास्काच्या मिशन शाळांत मुलांना त्यांची स्वतःची भाषा बोलू दिली जात नव्हती. सीमाभागात मराठी शाळेत शिकलेल्या माझ्यासारखीला त्याचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही.

दुपारी बोट मार्जरी हिमनदीसमोर उभी राहिली. इंजिनाचा आवाज अगदी कमी केला. दीड किलोमीटर रुंद आणि पाण्यावर वीस-बावीस मजले उंच अशी बर्फाची कड. पांढरी म्हणावी तर पांढरी नाही. भेगांमध्ये निळी, शाईच्या दौतीसारखी. रेंजरबाई म्हणाल्या, दाबानं बर्फ इतका घट्ट झालेला असतो की तो प्रकाशातला तांबडा रंग गिळतो आणि निळा उरतो. शेजारी दुसरी हिमनदी आहे, ग्रँड पॅसिफिक. ती दगडमातीनं एवढी काळी पडलीय की डोंगरच वाटते. आधी बर्फ पडताना दिसतो, आवाज नंतर येतो. लिंगिट लोक त्याला पांढरा गडगडाट म्हणतात. दोन हजार माणसं डेकवर उभी होती आणि तो आवाज आला की सगळी एकदम गप्प.

ईयोबाच्या पुस्तकात 38व्या अध्यायात परमेश्वर ईयोबाला वादळातून एकामागून एक प्रश्न विचारतो. त्यात एक असा आहे, की बर्फ कोणाच्या उदरातून जन्माला आलं. मी हा अध्याय दर वर्षी शिकवते आणि दर वर्षी मला वाटायचं की हे ईयोबाला गप्प करण्यासाठी आहे. एवढं दुःख झालेल्या माणसाला एवढे प्रश्न कशाला? त्या कडेसमोर उभं राहिल्यावर पहिल्यांदा वाटलं, की देव त्याला फिरवून आणतोय. घरात राखेत बसलेल्या माणसाला हाताला धरून बाहेर काढावं आणि आपलं काम दाखवावं, तसं.

मागे फिरल्यावर मात्र खरी बघण्यासारखी गोष्ट सुरू झाली, आणि तेव्हा डेकवर कोणी नव्हतं. सगळे जेवायला गेले होते. बर्फाजवळचा दगड उघडा असतो, नुकताच सोललेल्यासारखा. थोडं पुढे आलं की त्यावर शेवाळ, मग जमिनीला चिकटलेली लहान फुलझाडं, मग आल्डरची झुडपं. ही झुडपं हवेतला नायट्रोजन मातीत उतरवतात, म्हणून पुढे मोठी झाडं जगतात. संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी पोचलो तर दाट जंगल. जिथून बर्फ दोनशे वर्षांपूर्वी गेला तिथे जंगल, जिथून काल गेला तिथे दगड. हे कठड्याला टेकून हे सगळं बघत होते. म्हणाले, "एवढा वेळ लागतो तर." मी म्हटलं, "लागतो." आमच्या बोटीच्या नळकांड्यातून धूर चाललेला होता, तोही मी पाहिला. पाहिला आणि आत जाऊन चहा प्यायले. खोटं कशाला लिहू?

त्या रविवारची मिस्सा सकाळीच झाली होती. प्रवाशांमध्ये कॅनडातले एक निवृत्त वयोवृद्ध फादर होते, त्यांनी एका छोट्या हॉलमध्ये ती अर्पण केली. पन्नासेक प्रवासी आले. आमचा स्टुअर्ड दिसला नाही. तो तेव्हा खोल्या आवरत होता. संध्याकाळी त्यानं हळूच सांगितलं, "रात्री साडेअकराला आमची मिस्सा आहे. फादरनी कबूल केलंय. तुम्ही या."

तोच हॉल. दुपारी तिथे पत्ते खेळतात. रात्री साडेअकराला एकेक जण येऊ लागला, कामाच्याच कपड्यांत. स्वयंपाकघरातली मुलं, हातांवर भाजल्याचे डाग. लाँड्रीतल्या बाया. फिलिपिन्सचे सगळ्यांत जास्त, मग गोव्याचे आणि मंगळूरचे, दोन इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटाचे. चाळीसएक असतील. एक मुलगा उभ्या उभ्या झोपत होता आणि शेजारचा त्याला कोपरानं जागं करत होता. फादरनी प्रवचन चार मिनिटांत संपवलं. म्हणाले, तुम्हाला पाचला उठायचंय आणि देवालाही ते माहीत आहे.

ख्रिस्तप्रसादानंतर गोव्याच्या मुलांनी पवित्र मरियेचं एक कोंकणी गीत धरलं. वाद्य नाही, सूरही थोडा खाली लागलेला. ते गीत आमच्या घरात रोज सकाळी ऐकू येतं. पपा दाढी करताना गुणगुणतात. तीस वर्षं बोटीवर दाढी करताना हेच गुणगुणले असणार. मी बाजूला पाहिलं, तर हे गात होते. अंत्यविधीच्या मिस्सेतसुद्धा न गाणारा माणूस. शब्द सगळे पाठ होते.

केबिनमध्ये आल्यावर दिवा घालवला. अंधारात ते म्हणाले, "मी त्यांना कधी विचारलंच नाही, की तार कुठे मिळाली."

सोमवारी केचिकन. इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आंबोलीकडच्या माणसाला त्याचं काय, पण छत्र्यांची दुकानं बघून बरं वाटलं. गावातून एक ओढा वाहतो, खांबांवर उभ्या घरांच्या खालून, आणि ऑगस्टमध्ये त्यातून सामन मासे उलट वर चढत असतात. समुद्रात मोठे होतात आणि अंडी घालायला बहुतेक ज्या ओढ्यात जन्मले तिथेच परत येतात. पाण्याच्या वासावरून घर ओळखतात म्हणे. येईपर्यंत अंग फाटलेलं असतं. लोक पुलावरून फोटो काढत होते. हे फोटो न काढता तसेच उभे होते, मग म्हणाले, "चल, कुठे तरी वाय-फाय बघू."

धक्क्याजवळच्या कॉफीच्या दुकानात बसलो. तिथे सकाळचे आठ, बेळगावात रात्रीचे साडेनऊ. मुलीनं फोन पपांच्या तोंडासमोर धरला. पहिल्यांदा नुसतं कपाळ दिसत होतं.

"पपा, जेवलात?"

"जेवलो. तुमचं कसं चाललंय?"

"बरं चाललंय." मग जरा थांबून, "पपा, तुमची केबिन कुठल्या डेकवर असायची?"

मला वाटलं फोन बंद पडला. मग पपा बोलायला लागले. सुरुवातीला सहाजण एका खोलीत, पाण्याच्या रेषेखाली, डोक्याजवळून पाइप. मागच्या बाजूला असलं की पंख्याच्या दांड्याचा आवाज रात्रभर अंगात. सवय झाल्यावर घरी आलं की शांततेत झोप लागत नाही, म्हणून ते पहिले आठ दिवस रात्री अंगणात फिरायचे. हे यांना आठवत होतं. लहानपणी यांना वाटायचं, पपांना घरात राहवत नाही.

मग कोणी न विचारता पपांनी सांगितलं. तार वायरलेसनं आली तेव्हा बोटीनं ऑस्ट्रेलियाचा किनारा सोडून तीन दिवस झाले होते. पुढचं बंदर अकरा दिवसांवर. कॅप्टननं केबिनमध्ये बोलावून कागद हातात दिला आणि दोन दिवस काम करू नको म्हणाला. "काम नाही केलं तर काय करणार होतो मी? सहाला चहा असायचा. अकराही दिवस चहा मीच केला." आणि मग म्हणाले, "तू विचारशील म्हणून वाट बघितली. मग तू मोठा झालास."

हे काही बोलले नाहीत. टिश्यूच्या कागदाचे तुकडे करत राहिले. शेवटी म्हणाले, "पपा, इथे पाऊस पडतोय."

"इथेही पडतोय," पपा म्हणाले. "मागच्या खोलीत गळतंय. बादली ठेवलीय. तू आलास की कौलं बघ."

आम्ही परत आलो त्याला आता दोन महिने झाले. कौलं झाली. मोठ्याच्या नोकरीचं अजून ठरलेलं नाही. एजंटला महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. पण आता त्यावर बोलणं होतं, कधी कधी जोरात, आणि बोलणाऱ्यांत पपा असतात. ते नातवाला जा म्हणत नाहीत, नको जाऊही म्हणत नाहीत. करारात रजेचं काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचतात आणि बोट ठेवून विचारतात, "हे काय आहे? हे आधी विचारून घे."

परतल्यानंतरच्या पहिल्या वर्गात मी त्या चौथीतल्या मुलाला पुढे बोलावलं. म्हटलं, तुझ्या प्रश्नाचं मी अर्धंच उत्तर दिलं होतं. मग सगळ्या मुलांना त्या हॉलबद्दल सांगितलं, कामाचे कपडे, भाजलेले हात, म्हातारे फादर, कोंकणी गीत. तुझे पप्पा ज्या बोटीवर आहेत तिथेही एखाद्या रविवारी कोणी फादर आले, तर रात्री साडेअकराला मिस्सा होत असेल आणि ते नक्की जात असतील.

तो विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, "साडेअकराला? मग ते झोपतात कधी, टीचर?"

मी म्हटलं, "थोडं कमी झोपतात."

"मी विचारतो त्यांना," तो म्हणाला, आणि जागेवर जाऊन बसला.